राक्षसाच्या खोलीत काय काय होतं

आमच्याकडे लग्नकार्यात जेवणं आटोपली की भाचेपुतणे मला गादीवर बसवतात आणि गोष्ट सांग म्हणतात. मी सवयीनं आधी खोली सांगते. दार कोणत्या अंगाला आहे, आढ्याला काय टांगलंय, कोपऱ्यात काय सांडलंय. तोवर निम्मी पोट्टी पेंगतात आणि उरलेली म्हणतात, "आत्या, राक्षस केव्हा येईन?" राक्षस येतो, पण उशिरा येतो, आणि आल्या आल्या कशाला तरी अडखळतो. ही खोड मला अमरावतीला लागली, मावशीच्या घरी, एका खेळापायी. तो खेळ मी पुढं कुणाला नीट समजावू शकले नाही. नवऱ्याला सांगायला गेले तर तो म्हणाला, "म्हणजे भातुकली?" मी हो म्हटलं. संसारात काही हो असेच असतात.

आमचं घर अकोल्याचं, जठारपेठेतलं. खाली कापडाचं दुकान, वर आम्ही. त्या वर्षांत खेड्यातून कापड घ्यायला येणारी माणसं हळूहळू येईनाशी झाली. अकोटची एसटी भरून यायची, माणसं उतरायची, पण ती दवाखान्यात नाहीतर कचेरीत जायची, दुकानाकडे वळायची नाहीत. बाबा सकाळी थानं उलगडून मांडत आणि संध्याकाळी पुन्हा गुंडाळून ठेवत. उलगडताना कापडाचा फडफड आवाज होई. बारावी झाल्यावर मला अमरावतीला मावशीकडे पाठवलं. मला सांगितलं, तिथलं कॉलेज चांगलं आहे आणि मावशीची तुला सोबत होईल. मावशीला सांगितलं, पोरीची तुला सोबत होईल. अशा आम्ही दोघी एकमेकींच्या सोबतीला नेमलेल्या, आणि दोघीही एकट्या.

मावशीचं घर बडनेऱ्याच्या रस्त्याला. काका नोकरीपायी अचलपूरला राहायचे. शनिवारी येत आणि रविवार झोपून काढत. मुलगा श्रीकांतदादा पुण्याला इंजिनियरिंगला. त्याच्या खोलीत मला ठेवलं होतं, पण त्याचे शर्ट खुंटीवर तसेच होते आणि मावशी ते दर आठवड्याला धुऊन, इस्त्री करून परत तिथंच टांगत असे. मी त्या शर्टांची पाहुणी. सकाळी मावशी मुंगवड्यांची भाजी टाकायची, तिचा खमंग वास घरभर फिरून माझ्यापर्यंत येई, आणि मग आम्ही दोघी समोरासमोर बसून जेवायचो. "मीठ बरोबर हाये का?" "हो." एवढं झालं की दिवसाचं बोलणं आटपलं. शेजारी माझ्याच वयाची नसीम राहायची, तिच्या अब्बांचं गाद्यांचं दुकान होतं. त्यांचं कापूस पिंजायचं यंत्र सुरू झालं की आमच्या मांडणीवरच्या वाट्या थरथरत, आणि खिडकीतून कापसाची बोंडं नव्हे, नुसती भुरभुर आत येऊन वरणावर बसे. मावशी म्हणायची, "खाऊन घे, कापसानं कोणी मरत नाई." मग एकदम उठून खिडकी लावायची. त्या वर्षांत असं कुठलं वाक्य कुठं जाऊन पोचेल, सांगता येत नसे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत श्रीकांतदादा आला तो एक झेरॉक्स केलेलं जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि मूठभर चित्रविचित्र फासे घेऊन. लुडोचे नव्हेत, पुष्कळ बाजूंचे, लिंबाएवढे गोल दिसणारे. खेळ असा की एकानं सांगायचं आणि बाकीच्यांनी एकेक माणूस व्हायचं. सांगणारा म्हणतो, तुम्ही जंगलात आहात, समोरून राक्षस आला, काय करता? ज्यानं त्यानं आपलं काय ते सांगायचं आणि फासा टाकायचा. फासा सांगेल तसं होतं. दादानं मला आणि नसीमला शिकवलं. नियम इंग्रजीत, पण त्यानं ते आम्हाला पुण्यातल्या मराठीत करून दिले. हा वार, हे चिलखत, हा जीव, जीव कमी झाला तर हे औषध, घेतलं की जीव भरतो. चार दिवस खेळला, सुट्टी संपली, पुण्याला गेला. पुस्तक आणि फासे मात्र ठेवून गेला, कारण तिकडे त्यांच्याकडे दुसरे होते. इतका आनंद मला त्याआधी कुणाच्या जाण्याचा झाला नव्हता.

पण दोघींत खेळ जमेना. एक सांगणार आणि एकच ऐकणार, म्हणजे मावशीची नि माझी पंगतच झाली. म्हणून मी कॉलेजातून वंदनाला आणलं. ती अकोटकडच्या खेड्यातली, होस्टेलला राहायची, वर्गात शेवटच्या बाकावर बसून बोटांची कातडी सोलायची. माझ्याशी बोलायची कारण मीही बोलायला दुसरं कुणी नसलेलीच होते. रविवारी दुपारी काका आतल्या खोलीत घोरत, मावशी स्वयंपाकघरात काहीतरी निवडत, आणि आम्ही तिघी पुढच्या खोलीत सतरंजीवर. नसीम चिलखत घातलेली शहजादी झाली. वंदनानं सांगितलं, "मी मालू. गोफण हाये मायाजवळ." आणि मी उरलेलं सगळं जग. आठवड्याचे सहा दिवस मी त्या रविवारवर काढायची. तिघींतली एक जरी गळाली तर सतरंजी गुंडाळावी लागेल, हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि मी त्या भीतीनं दर शनिवारी दोघींना दोनदा आठवण करायची.

आणि मी अतिशय वाईट सांगत होते. माझा राक्षस नेहमी मोकळ्या मैदानात उभा. नसीम म्हणायची, मारते. फासा. लागलं. राक्षस मारतो. फासा. नाही लागलं. वंदना मारते. लागलं. असा तास जायचा. आतून मावशीचा आवाज येई, "झाला का वं मरून थो? का रात्रभर कुटाचा हाये त्याले?" नसीमनं एकदा जांभई देत सांगून टाकलं, "सुन, ये लड़ाई नहीं है. ये तो धोबीघाट है. धपाधप, धपाधप. अगले इतवार मेरे को अम्मी के साथ काम है." तिला काम नव्हतं. तेवढ्यात वंदनानं विचारलं, "तथी अजून काय हाये?"

"तिथं म्हणजे कुठं?"

"राक्षस उभा हाये ना, त्याच्या बाजूले."

"काही नाही. मैदान आहे."

"असं कसं वं काही नाई? वावराचा धुरा असन, झाड असन, कोणाची बंडी उभी असन. मानूस रायते तथी काही ना काही असतेच."

मी म्हटलं, बरं, आहे एक बंडी. उतारावर उभी आहे, घरंगळू नये म्हणून चाकाला दगडाची उटी लावलीय. वंदनानं क्षणभर विचार केला आणि गोफणीनं राक्षसाला मारायच्याऐवजी ती उटी उडवली. बंडी घरंगळत गेली आणि राक्षस चाकाखाली. नसीम उभी राहून ओरडली. काका जागे झाले. मावशी हातात सूप घेऊन दारात आली आणि सगळं ऐकून म्हणाली, "मंग पह्यलेच काहून नाई केलं?" दादाला मी फोनवर ही हकिगत मोठ्या ऐटीत सांगितली. त्याचा पुण्याचा रूमपार्टनर शेजारी उभा होता. त्यानं फोन संपल्यावर विचारलं म्हणे, बनियननं राक्षस कसा चिरडला? आमची बंडी बैल ओढतात, त्यांच्याकडे बंडी अंगात घालतात.

त्या दिवसापासून मी खोल्या बांधायला लागले. आठवडाभर माझं तेच. कॉलेजात जाता-येता बघायचं, इथं मारामारी झाली तर काय हाताशी येईल. मी माझ्यापुरता नियम केला: डोक्यावर पडू शकेल असं काहीतरी हवं, पायाखाली घसरेल असं काहीतरी हवं, आड लपायला काहीतरी, आणि एक चीज अशी की जी कशासाठी आहे ते मलाही माहीत नसेल. ती सर्वांत कामाची ठरायची. कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगातून मुठी भरून ते राक्षसाच्या डोळ्यांत फेकता येतं. आग्या मोहोळ असलेल्या झाडाखाली मोठ्यानं बोलू नये, हे राक्षसाला ठाऊक नसतं. चुलीवर मिरच्या टाकल्या की खोलीत कुणीच थांबत नाही, आपणही नाही, तेव्हा आधी दार बघून ठेवावं. आणि जे आपल्याला वापरता येतं ते त्यालाही येतं, हे मी पुढं घातलं. राक्षसानं शिडी काढून घेतली आणि शहजादी माळ्यावर अडकली तेव्हा नसीम दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. "ये बेईमानी है. सीढ़ी मेरी थी." एकदा तिनं कापसाच्या गोदामात मशाल टाकली. गाद्यांच्या दुकानदाराची मुलगी, कापूस कसा पेटतो तिला नको का कळायला? राक्षस जळाला, शहजादी नि मालू जळाल्या, गोदाम जळालं, बाजूचं गाव मी दयेनं वाचवलं.

नसीमला जिंकायचं असे. वंदनाला काय हवं असे ते मला कळत नव्हतं. मी खोली सांगितली की ती डोळे मिटून घ्यायची आणि एकेक गोष्ट विचारत बसायची. फळी किती उंच? आतून कडी हाये का? माठात पाणी हाये का? नसीम वैतागून म्हणे, "अगं राक्षस खाऊन राहिला मले, आन् तू माठ पाय!" मला मात्र बरं वाटायचं. माझ्या खोलीत कुणीतरी एवढा वेळ राहत होतं.

दिवाळीनंतर मी माझी सर्वांत चांगली खोली बांधली. बंद पडलेली कापसाची जिनिंग. अकोटच्या वाटेवर एसटीतून तशी एक दिसायची, पत्रे उडालेली. मी त्यात सरकीचा डोंगर ठेवला, त्यात पाय रुततात. छताशी लोंबणारा पट्टा ठेवला, पकडून झोके घेता येतील असा. सरकी काढायचे लोखंडी रेचे, त्यांच्या मधून एकच माणूस जाईल एवढी वाट. आणि भिंतीत एक कोनाडा. खेळ असा रंगला की मावशी निवडणं सोडून येऊन बसली. नसीमनं पट्ट्याला लोंबकळून उडी मारली, फासा वाईट पडला, शहजादी सरकीत कंबरेएवढी रुतली आणि राक्षसानं तिला एवढं झोडपलं की जीव जवळजवळ संपला. ती म्हणाली, "उस ताक में क्या है? कोनाड्यात?" मी याचीच वाट बघत होते. मी म्हटलं, "औषधाची बाटली."

नसीमनं फासा टाकला, चांगला पडला, आणि ती हात वर करून ओरडली, "घेतलं! मी औषध घेतलं!"

त्या वर्षांत आमच्याकडे औषध या शब्दाचा एकच अर्थ उरला होता. पिकावर फवारतात ते. तापाला लोक गोळी म्हणत, खोकल्याला दवाखान्याची बाटली म्हणत, पण औषध म्हणत नसत. अमक्यानं औषध घेतलं, एवढंच वाक्य आमच्या दुकानात गिऱ्हाइकं एकमेकांना सांगत, आणि ऐकणारा पुढचं काही विचारत नसे. मी ते वाक्य काउंटरमागं बसून कितीदा ऐकलेलं. पण खेळातला शब्द दादाच्या मराठीतून आला होता, आणि दोन शब्द एकाच तोंडात एकमेकांना न ओळखता राहत होते. मावशीचा हात तोंडावर गेला. नसीम अजून हसत होती. वंदनानं हातातला फासा सतरंजीवर ठेवला, अगदी हळू, अंडं ठेवावं तसा. उठली, ओढणी नीट केली, दाराशी चपला घातल्या आणि फाटक लावून घेऊन निघून गेली. "क्या हुआ? मैं जिंदा हूँ ना?" नसीम विचारत राहिली.

पुढच्या रविवारी वंदना आली नाही. वर्गात शेवटचा बाक रिकामा. नसीम आणि मी सतरंजी घालून बसलो, थोडा वेळ फासे खुळखुळवले, मग तिला अम्मीबरोबर खरंच काम निघालं. यंत्र बंद होतं. काका घोरत होते. मी आतबाहेर केलं, श्रीकांतदादाच्या शर्टांना हात लावून बघितला, गच्चीवर जाऊन आले. मला त्या दिवशी वंदनाच्या दुःखापेक्षा माझ्या रविवारचंच जास्त वाटत होतं. अठराव्या वर्षी माणूस तेवढंच असतं. दुसऱ्या दिवशी मावशीनं पातोडीच्या भाजीचा डबा माझ्या हातात दिला. "होस्टेलले जाय. काय झालं म्हनून इचारू नको. डबा दे आन् बस तिच्यापाशी."

होस्टेलच्या मागच्या अंगणात दगडावर ती कपडे धूत होती. मी डबा दिला. तिनं हात पुसले आणि उघडून वास घेतला. मी म्हटलं, "रस्सा सांडला थोडा."

"असू दे."

मी बसले. ती पुन्हा कपडे धुवायला लागली, आणि पाठमोरीच बोलली. "मी खेळायले येत नोती वं. मी पायत होती."

"काय?"

"आमच्या कोठ्यात काय काय होतं थे. मोठा भाऊ माया, बैलाच्या कोठ्यात होता थो. मी रोज जाते तथी, मनातल्या मनात. गव्हाण हाये, कुटार हाये, टोपलं हाये, दावं हाये. सारं पाठ हाये मले. त्यातलं काहीच कामाचं नाई. मंग तू सांगे, फळीवर हे हाये, कोपऱ्यात थे हाये, आन् त्यातून काहीतरी निघेच. दर वेळेस निघे. मले वाटे, आमच्याई कोठ्यात असन. मलेच दिसलं नसन."

तिनं परकर पिळला आणि तारेवर टाकला. मी इतक्या खोल्या बांधल्या, पण त्या अंगणात मला हात ठेवायला जागा सापडली नाही. निघताना एवढंच म्हटलं, "रविवारी ये. आली तर ये." ती म्हणाली, "पायते." आमच्याकडे पाहते म्हणजे बहुतेक नाही.

परीक्षा झाल्यावर ती गावी गेली ती परत आली नाही. मी पत्रं टाकली, एकाचं उत्तर आलं, मग तेही थांबलं. नसीम अजून अमरावतीतच आहे, ईदला फोन करते आणि अजून शिडीवरून भांडते. वंदना कुठं आहे, मला माहीत नाही. पण डबा दिल्यानंतरच्या त्या रविवारी ती आली होती.

उशिरा आली. आम्ही सतरंजी गुंडाळायला घेतली होती. तिनं चपला काढल्या, आपल्या जागी बसली आणि डबा मावशीला परत दिला, धुऊन, आत मूठभर शेंगा टाकून. मग मला म्हणाली, "कोनाची पाळी हाये?"

मी आठवडाभर ठरवून ठेवलं होतं. मी घाईनं म्हटलं, "हे बघ, त्या बाटलीत ते नव्हतंच. रिकामी होती. नसीमनं घेतलंच नाही काही. आपण मागून धरू."

"नाई," वंदना म्हणाली. "घेतलं थे घेतलं. पुढचं सांग."

नसीम माझ्याकडे बघायला लागली. मधल्या दिवसांत मावशीनं तिला सांगितलं होतं. मी म्हटलं, "तुझीच पाळी आहे."

"मी तिले उचलते."

"मैं भारी हूँ," नसीम हळूच म्हणाली. "लोखंड पहना है."

नियमात होतं. चिलखत घातलेलं माणूस, सरकीत रुतलेलं, गोफणवाल्या पोरीला उचलता येत नाही, आणि यावं असं वाटत असेल तर मोठा आकडा पडावा लागतो. मी फासा तिच्यापुढं सरकवला. तिनं तो परत माझ्याकडे सरकवला. "नाई टाकत. उचललं मी तिले. खांद्यावर घेतलं. दरवाज्यातून बाहेर आली. राक्षस हाये का मागं?"

"आहे," मी म्हटलं.

"राहू दे. मी रोडवर आली. एसटी येऊन राहिली. मी हात दाखवला."

आमच्या जगात एसटी नव्हती. घोडे होते, उडणारे साप होते, बोलणारी एक भिंत होती. मी तोंड उघडलं, पण वंदनाचे डोळे मिटलेले होते आणि तिचा हात खरोखरच समोर केलेला होता, रस्त्यात उभं राहून करतात तसा.

"थांबली," मी म्हटलं.

"कंडक्टर कोन हाये?"

मी नसीमकडे पाहिलं. नसीम डोळे मिटून, मान टाकून, सगळा भार वंदनाच्या खांद्यावर देऊन बसली होती, अगदी आजारी माणसासारखी. मावशी दाराच्या चौकटीला टेकून उभी.

"मी आहे," मी म्हटलं. मग उठून उभी राहिले, कारण कंडक्टर बसलेला नसतो. "चला, आत चला. ओ काका, उठा तिथून, पुढं सरका. बाईले बरं नाई, दिसत नाई का? डायव्हरसाहेब, मधात कुठंच थांबायचं नाही, सरळ दवाखान्यापाशी."

आतल्या खोलीतून काका झोपेतच म्हणाले, "सरकलो, सरकलो."

कुणी हसलं नाही. मी हात वर केला, दोरी ओढली, आणि तोंडानं दोनदा घंटी वाजवली.